गोडो इंजिन लिनक्सवर रखडतंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लिनक्सवर गोडोत गेम बनवणाऱ्यांकडून जे प्रश्न पुन्हापुन्हा येतात ते इथे एकत्र केले आहेत. निम्म्याहून अधिक प्रश्नांची सुरुवात ‘अमुक डिस्ट्रो (उबुंटू, फेडोरासारखं लिनक्सचं तयार रूप) स्लो आहे का?’ अशी असते आणि शोध संपतो तो ड्रायव्हरपाशी, म्हणजे ग्राफिक्स कार्डाशी बोलणाऱ्या प्रोग्रामपाशी. म्हणून पहिले दोन प्रश्न सगळ्यांनीच वाचा, मग आपल्या प्रश्नाकडे जा. काही जण या इंजिनाला गोडॉट म्हणतात. त्याने वेगात फरक पडत नाही.

कमांडची नावं इथे उच्चारानुसार लिहिली आहेत. टर्मिनलमध्ये ती अर्थातच रोमन अक्षरांत टाइप करायची.

१. गोडो उघडलं की एडिटरच रखडतो, अगदी रिकाम्या सीनमध्येसुद्धा. सुरुवात कुठून करू?

चित्र नक्की कोण काढतंय, ते आधी बघा. गोडो मेनूतून न उघडता टर्मिनलमधून उघडा. पहिल्या दोन-चार ओळींतच ते स्वतःची ओळख देतं: व्हल्कनची किंवा ओपनजीएलची आवृत्ती (कार्डाकडून चित्र काढून घेण्याच्या या दोन पद्धती, व्हल्कन नवी), मग रेंडररचं, अर्थात चित्र काढणाऱ्या भागाचं, नाव म्हणजे फॉरवर्ड प्लस, मोबाइल किंवा कंपॅटिबिलिटी, आणि शेवटी ‘युझिंग डिव्हाइस’ या शब्दांपुढे कार्डाचं नाव. या एका ओळीत बहुतेक वेळा निदान होतं.

तिथे तुमच्या कार्डाचं नाव असेल तर घोडं दुसरीकडे पेंड खातंय. थेट प्रश्न १० कडे जा. ‘एलएलव्हीएमपाइप’ असं नाव दिसलं तर प्रश्न २. लॅपटॉपमध्ये दोन कार्डं आहेत आणि नाव नको त्या कार्डाचं आलं, तर प्रश्न ६. तुम्ही फॉरवर्ड प्लस निवडलं होतं पण ओळीत ओपनजीएल दिसतंय, तर इंजिनाला चालण्याजोगं व्हल्कन मिळालेलं नाही. ४ मालिकेच्या नव्या आवृत्त्या अशा वेळी बंद न पडता आपणहून ओपनजीएलवर उतरतात. सोय चांगली आहे, पण त्यामुळे मूळ दुखणं महिनोन्‌महिने लक्षातच येत नाही.

२. ‘एलएलव्हीएमपाइप’ दिसतंय. माझं कार्ड गेलं का?

नाही. एलएलव्हीएमपाइप हा मेसाचा (लिनक्सवरच्या मुक्त ग्राफिक्स ड्रायव्हरांचा संच) सॉफ्टवेअर रेंडरर. कार्डाशी बोलणारा ड्रायव्हर सापडला नाही की प्रत्येक पिक्सेलचा हिशोब प्रोसेसर करू लागतो. डेस्कटॉप, ब्राउझर हे सगळं त्यातही बऱ्यापैकी चालतं, म्हणून इतके दिवस कळलं नसेल. त्रिमितीय सीन उघडला की मात्र पंखा गरगरायला लागतो.

कारणं ठरलेली आहेत. व्हल्कन ड्रायव्हरचं पॅकेज बसवलेलंच नाही (प्रश्न ३). एनव्हिडियाचं मॉड्यूल (ड्रायव्हरचा तुकडा) कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, चढलेलं नाही (प्रश्न ४). कार्ड नवं आणि डिस्ट्रो जुनी (प्रश्न ७). गोडो फ्लॅटपॅकमधलं, म्हणजे सगळ्या डिस्ट्रोत चालणाऱ्या बंदिस्त पॅकेजमधलं, आहे (प्रश्न १६). तुम्ही व्हर्च्युअल मशीनमध्ये आहात (प्रश्न २०). किंवा कधीकाळी तुम्हीच सॉफ्टवेअर रेंडरिंग सुरू करून ठेवलंय आणि विसरलात (प्रश्न २१).

३. प्रत्येक डिस्ट्रोत नेमकं काय बसवायचं?

एएमडी आणि इंटेलसाठी ड्रायव्हर मेसातूनच येतो, बाहेरून काही आणायचं नाही. डेबियन, उबुंटू, लिनक्स मिंट आणि फेडोरा यांत व्हल्कनच्या पॅकेजचं नाव एकच आहे, ‘मेसा-व्हल्कन-ड्रायव्हर्स’, आणि डेस्कटॉपबरोबर ते बहुधा आलेलं असतं. आर्चमध्ये कुणी काही गृहीत धरत नाही: एएमडीसाठी ‘व्हल्कन-रॅडिऑन’, इंटेलसाठी ‘व्हल्कन-इंटेल’, एनव्हिडियासाठी ‘एनव्हिडिया-युटिल्स’ आपल्या हाताने निवडायचं. चुकीचं निवडलं तर कुणी टोकत नाही.

खात्री करायला ‘व्हल्कन-टूल्स’ पॅकेज बसवा आणि ‘व्हल्कनइन्फो’ ही कमांड ‘समरी’ पर्यायासह चालवा. यादीत कार्डाचं नाव आलं की काम झालं. यादीत तुमच्या कार्डाखाली एलएलव्हीएमपाइपही दिसलं तर घाबरू नका. ते पर्यायी म्हणून बसलेलं असतं.

डेबियनवर एएमडी कार्डाला ‘फर्मवेअर-एएमडी-ग्राफिक्स’, म्हणजे कार्डातच चालणारा कंपनीचा कोड, लागतं. जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ पासून अशा फर्मवेअरसाठी ‘नॉन-फ्री-फर्मवेअर’ हा वेगळा विभाग आहे. जुन्या डेबियनवरून चढत आलेल्यांच्या सोर्सेस फाइलमध्ये (पॅकेजं कुठून आणायची याची यादी) तो अनेकदा नसतो, आणि मग फर्मवेअर अपडेटच होत नाही.

४. एनव्हिडियाचा ड्रायव्हर बसवला, रीस्टार्ट केलं, तरी काहीच बदललं नाही. का?

पॅकेज बसणं आणि मॉड्यूल चढणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘एनव्हिडिया-एसएमआय’ चालवा. तक्ता दिसला तर ड्रायव्हर चालू आहे. ड्रायव्हरशी संपर्क होत नाही असा संदेश आला तर बहुतेक वेळा दोषी असतो सिक्युअर बूट. सही नसलेलं मॉड्यूल कर्नल आत घेत नाही, आणि पडद्यावर त्याबद्दल अवाक्षरही काढत नाही.

उबुंटू ड्रायव्हर बसवताना एक पासवर्ड ठरवायला सांगतं आणि पुढच्या बूटला निळ्या पडद्यावर ‘एनरोल मॉक’ (सहीची किल्ली नोंदवायची का) असं विचारतं. हा पडदा काही सेकंदच थांबतो. चहा आणायला गेलात की संधी हुकली. चुकलं असेल तर ‘मॉकयुटिल’ने किल्ली पुन्हा नोंदवा, नाहीतर बायॉसमध्ये सिक्युअर बूट बंद करा.

फेडोरात आरपीएम फ्यूजन या बाहेरच्या रेपोतलं (पॅकेजांचं कोठार) ‘एकेमॉड-एनव्हिडिया’ बसवतात. इथली चूक घाईची असते. पॅकेज बसल्यावर मॉड्यूल मागच्या मागे बांधलं जातं, त्याला काही मिनिटं लागतात. तेवढ्यात रीस्टार्ट केलं तर मॉड्यूल अर्धवट राहतं. ‘मॉडइन्फो’ने एनव्हिडियाची आवृत्ती विचारा, आकडा मिळाला की मगच रीस्टार्ट करा.

डेबियनमध्ये ‘लिनक्स-हेडर्स-एएमडी६४’ नसलं तर मॉड्यूल बांधताच येत नाही. आर्चमध्ये झेनसारखा वेगळा कर्नल असेल तर डीकेएमएस प्रकारचं (प्रत्येक कर्नलसाठी मॉड्यूल नव्याने बांधणारं) पॅकेज आणि त्याच कर्नलचे हेडर्स हवेत.

५. एनव्हिडियाचा ड्रायव्हर न बसवता नूव्हो या मुक्त ड्रायव्हरवरच काम चालेल का?

कार्डाच्या पिढीवर ठरतं. जीटीएक्स १६०० आणि आरटीएक्स २००० म्हणजे ट्युरिंग व त्यापुढची कार्डं असतील तर कर्नल ६.७ पासून नूव्हो कंपनीचंच जीएसपी फर्मवेअर वापरून कार्डाचा वेग वाढवू शकतो, आणि वर मेसाचा एनव्हीके हा व्हल्कन ड्रायव्हर आहे. एडिटरसाठी पुरतं, जड सीनला कंपनीचा ड्रायव्हर अजून पुढे आहे.

जीटीएक्स ९०० आणि १००० मालिका मात्र अडकून पडल्या आहेत. सही असलेल्या फर्मवेअरशिवाय त्यांची घड्याळगती वाढवता येत नाही, म्हणून नूव्होवर ही कार्डं बूटच्या वेळच्या मंद गतीवरच राहतात. जीटीएक्स १०६० सारखं धडधाकट कार्ड एखाद्या इंटिग्रेटेड (प्रोसेसरमधल्याच) चिपहून हळू चालताना पाहून लोक डिस्ट्रोला शिव्या घालतात. या कार्डांना कंपनीचाच ड्रायव्हर घ्या. ५८० ही त्यांना सांभाळणारी ड्रायव्हरची शेवटची मालिका आहे, त्यामुळे रोलिंग (आर्चसारख्या सतत अपडेट होणाऱ्या) डिस्ट्रोवर आंधळेपणाने पुढची मालिका घेऊ नका.

६. लॅपटॉपमध्ये इंटेल आणि एनव्हिडिया दोन्ही आहेत. गोडो कुठलं वापरतंय आणि ते कसं बदलू?

कुठलं, ते प्रश्न १ मधल्या ओळीतच दिसेल. व्हल्कनवर गोडो स्वतःहून वेगळं (डिस्क्रीट) कार्ड निवडायला बघतं. तसं झालं नाही तर ‘जीपीयू-इंडेक्स’ हा पर्याय देऊन कार्डाचा क्रमांक सांगता येतो.

डिस्ट्रोनुसार वाटा वेगळ्या. उबुंटूत ‘प्राइम-सिलेक्ट’ आहे, ते अख्ख्या यंत्रणेसाठी बदलतं. आर्चमध्ये ‘प्राइम-रन’ कमांडपुढे लावायचं. फेडोराच्या ग्नोम डेस्कटॉपमध्ये आयकॉनवर उजवी क्लिक केली की डिस्क्रीट कार्डावर उघडण्याचा पर्याय येतो. इंटिग्रेटेड आणि वेगळं अशी दोन्ही एएमडी असतील तर ‘डीआरआय_प्राइम=१’ पुरतं.

एक गंमत लक्षात ठेवा: काढलेली प्रत्येक फ्रेम बहुतेक लॅपटॉपमध्ये एनव्हिडियाकडून इंटेलकडे पाठवली जाते, कारण पडदा इंटेलला जोडलेला असतो. त्यामुळे हलक्या द्विमितीय गेममध्ये इंटेलच बरं ठरतं, बॅटरीही वाचते.

७. नवं कोरं कार्ड घेतलं, डेबियनवर कासवाच्या गतीने चालतंय. डेबियनच वाईट आहे का?

डेबियन वाईट नाही, जुनं आहे, आणि जुनं असणं हेच त्याचं ब्रीद आहे. डेबियन १२ मध्ये कर्नल ६.१ आणि मेसा २२.३ आहे. मार्च २०२५ मध्ये आलेलं रॅडिऑन आरएक्स ९०७० त्या मेसाला माहीत असणं शक्यच नाही, म्हणून सगळा भार प्रोसेसरवर पडतो. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये कर्नल ६.१२ आणि मेसा २५.० आहे, तिथे चित्र बदलतं.

उबुंटू २४.०४ आणि त्यावर उभं असलेलं मिंट २२ मूळ कर्नल ६.८ वर आलं. नंतरच्या एचडब्ल्यूई (नव्या हार्डवेअरसाठीच्या) मालिकेतून नवा कर्नल मिळतो. मिंटच्या अपडेट मॅनेजरमध्ये कर्नल बदलायची खिडकी आहे, ती फार थोडे लोक उघडून बघतात. फेडोरा, आर्च आणि ओपनसुसे टम्बलवीडवर हा प्रश्न सहसा येत नाही. त्यांचं दुखणं वेगळं, ते पुढच्या प्रश्नात.

८. आर्चवर काल सुरळीत होतं, आज अपडेटनंतर रखडतंय. काय मोडलं?

आधी रीस्टार्ट केलंत का? कर्नल किंवा ड्रायव्हर बदलला पण यंत्र चालूच राहिलं, तर चालू मॉड्यूल जुनं आणि लायब्ररी नवी अशी गाठ पडते. ‘एनव्हिडिया-एसएमआय’ तेव्हा आवृत्त्या जुळत नसल्याचं स्पष्ट सांगतं.

दुसरी शक्यता अर्धवट अपडेटची. पॅकेजची यादी ताजी करून एकच पॅकेज बसवणं आर्चमध्ये अधिकृतपणे वर्ज्य आहे, तरी सगळे करतात. आर्चवर उभ्या असलेल्या मांजारोत अधिकृत रेपो मागे आणि एयूआर (वापरकर्त्यांनी बनवलेली पॅकेजं) पुढे अशी ओढाताणही होते.

तिसरी शक्यता म्हणजे काहीच मोडलेलं नाही. मेसा बदललं की साठवलेले शेडर (कार्डावर चालणारे रंग-प्रकाशाचे छोटे प्रोग्राम) निकामी होतात आणि पहिल्यांदा गेम चालवताना ते पुन्हा तयार करावे लागतात (प्रश्न १३). दुसऱ्यांदा चालवून बघा.

टम्बलवीडवाल्यांचं इथे बरं आहे. बीटीआरएफएस ही फाइलसिस्टिम आणि तिचे स्नॅपशॉट घेणारं स्नॅपर मुळातूनच लावलेलं असतं. बूट मेनूतून कालचा स्नॅपशॉट उघडा आणि तोच सीन चालवा. अपडेटचा दोष आहे की तुमच्या नव्या कोडचा, हे पाच मिनिटांत कळतं.

९. माझ्याकडे जुनं कार्ड आहे. गोडो ४ चालेल का?

चालेल, पण कंपॅटिबिलिटी रेंडररवर. त्याला ओपनजीएल ३.३ पुरतं. व्हल्कनचा हट्ट धरू नका.

इंटेलच्या तिसऱ्या आणि चौथ्या पिढीच्या प्रोसेसरमधल्या चिपला मेसात व्हल्कन आहे खरं, पण ते अपूर्ण असल्याची सूचना टर्मिनलवर स्वतःच छापली जाते. ती सूचना गंभीरपणे घ्या. सहाव्या पिढीपासून पुढे निर्धास्त राहा.

एएमडीची एचडी ७७५० ते ७९७० किंवा आर९ २८० सारखी कार्डं ६.१९ च्या आधीच्या कर्नलवर जुन्या ‘रॅडिऑन’ मॉड्यूलने उघडतात, आणि त्यात व्हल्कन नाही. कर्नलच्या पर्यायांत रॅडिऑनचा एसआय सपोर्ट ० आणि एएमडीजीपीयूचा १ केला की तेच कार्ड व्हल्कन बोलू लागतं. हा बदल करून बघण्यासारखा आहे.

जीटी ७३० बद्दल फार विचारणा होते, कारण आपल्याकडे जुन्या पीसीत ते सर्रास सापडतं. या एकाच नावाखाली दोन वेगळ्या चिप विकल्या गेल्या. केप्लरची असेल तर ४७० मालिकेचा ड्रायव्हर आणि व्हल्कन मिळतं. फर्मीची असेल तर ३९० मालिका, आणि व्हल्कन नाहीच. दोन्ही मालिकांची देखभाल कंपनीने थांबवली आहे आणि ताज्या कर्नलवर त्या पॅचशिवाय बांधल्या जात नाहीत. अशा कार्डाला रोलिंग डिस्ट्रो देणं म्हणजे रोज उठून दुरुस्ती. एलटीएस (दीर्घकाळ सांभाळल्या जाणाऱ्या) कर्नलवर राहा.

१०. कार्ड बरोबर आहे, ड्रायव्हर बरोबर आहे, तरी गेम संथ. आता?

आता मोजा. अंदाजाने सेटिंग बदलत बसू नका.

साठ फ्रेमसाठी एका फ्रेमला १६.६७ मिलिसेकंद मिळतात, १४४ साठी जेमतेम ६.९४. हा वेळ प्रोसेसर खातोय की कार्ड, हे शोधायची सोपी युक्ती: प्रोजेक्ट सेटिंगमध्ये त्रिमितीय स्केलिंग ०.५ करा. फ्रेम भराभर वाढल्या तर कार्ड दमलेलं होतं. सावल्या, धुकं, जागतिक प्रकाश, पारदर्शक थर यांकडे बघा. फ्रेम तेवढ्याच राहिल्या तर प्रोसेसर अडतोय, म्हणजे तुमच्या स्क्रिप्ट, फिजिक्स किंवा ड्रॉ कॉलची (कार्डाला दिलेल्या ‘हे काढ’ अशा आज्ञांची) अतोनात संख्या. डीबगरमधला व्हिज्युअल प्रोफायलर दोघांचे वेळ शेजारीशेजारी दाखवतो.

बाहेरून बघायला ‘एनव्हीटॉप’ आणि ‘मँगोहड’ ही दोन साधनं जवळजवळ सगळ्या डिस्ट्रोत मिळतात. कार्ड ३० टक्क्यांवर, प्रोसेसरचा एकच कोअर १०० वर असं दिसलं तर उत्तर मिळालं. डिस्ट्रो बदलून तो कोअर मोकळा होणार नाही. आजार रेड्याला आणि औषध पखालीला, असला तो प्रकार होईल.

११. एफपीएस (सेकंदाला फ्रेम) बरोबर ६० वर अडकतात. कधी ३० वर. का?

व्हीसिंकमुळे, म्हणजे फ्रेम पडद्याच्या ठोक्याशी जुळवल्यामुळे. तुमचा पडदा ६० हर्ट्‌झचा आहे, तेवढ्याच फ्रेम दिसणार. खरा वेग मोजताना गोडोला ‘डिसेबल-व्हीसिंक’ आणि ‘प्रिंट-एफपीएस’ हे पर्याय द्या. ड्रायव्हरनेच सक्ती केली असेल तर इंजिनाचं चालत नाही. एनव्हिडियाच्या सेटिंग खिडकीत बघा. काटेकोर व्हीसिंकमध्ये फ्रेम १६.६७ मिलिसेकंदांच्या किंचित पुढे गेली तरी पुढच्या ठोक्याची वाट बघावी लागते, म्हणून ५५ न दिसता थेट ३० दिसतात.

१२. वेलँड घेऊ की एक्स११?

दोन्ही पडद्यावर खिडक्या दाखवणाऱ्या यंत्रणा, एक्स११ जुनी आणि वेलँड नवी. गोडो ४.३ पासून वेलँडला थेट आधार आहे, पण प्रायोगिक. सांगितलं नाही तर वेलँड डेस्कटॉपवरही ते एक्सवेलँडमधून (वेलँडवर एक्स११चे प्रोग्राम चालवणारा थर) चालतं. ‘डिस्प्ले-ड्रायव्हर वेलँड’ हा पर्याय देऊन दोन्ही करून बघा.

माझा कल असा: वेगवेगळ्या हर्ट्‌झचे दोन मॉनिटर असतील तर वेलँड, कारण एक्स११ला ते नीट पेलवत नाही. एनव्हिडिया असेल तर वेलँडवर ड्रायव्हर ५५५ किंवा पुढचाच हवा. एक्सप्लिसिट सिंक (फ्रेम तयार झाल्याचं स्पष्ट कळवणं) त्यात आलं. त्याआधी एक्सवेलँडमधल्या खिडक्या लुकलुकायच्या आणि जुन्या फ्रेम मागेपुढे दिसायच्या. कंपोझिटरही (खिडक्या रचून पडद्यावर दाखवणारा भाग) त्या तोडीचा लागतो: केडीई प्लाझ्मा ६.१ किंवा ग्नोम ४६.१ पासून पुढे. एक्सएफसीई एक्स११वर असाल आणि गेम फाटल्यासारखा दिसत असेल तर विंडो मॅनेजर ट्वीक्समधला कंपोझिटर चालू-बंद करून बघा.

१३. पहिला स्फोट झाला की गेम अर्धा सेकंद थांबतो. दुसऱ्या स्फोटाला नाही. हे काय?

शेडर तेव्हा जागच्या जागी तयार होतोय. गोडो ४.४ मध्ये यावर उबरशेडर (तोवर वेळ भागवणारा सर्वसमावेशक शेडर) आणि आगाऊ पाइपलाइन बांधणी आली, म्हणून आधी आवृत्ती वाढवा. हा इलाज फॉरवर्ड प्लस आणि मोबाइल रेंडररपुरताच आहे. कंपॅटिबिलिटीवर जुनीच युक्ती करायची: लोडिंगच्या पडद्यामागे प्रत्येक इफेक्ट एकदा कॅमेऱ्यासमोर आणून घ्यायचा.

तयार शेडर घरच्या फोल्डरमधल्या ‘कॅश’मध्ये साठवले जातात. डिस्क स्वच्छ करणारी साधनं ते हटकून उडवतात. रोलिंग डिस्ट्रोवर दर मेसा अपडेटला ही साठवण निकामी होते, हे वर आलंच आहे. म्हणून तुमच्या यंत्रावर गेम मुलायम चालतोय यावर विसंबू नका. चाचणीआधी ती साठवण मुद्दाम पुसा. खेळाडूला पहिल्यांदा जे दिसणार आहे ते तेच.

१४. काउंटर १४४ दाखवतो, तरी पात्र गचके खात चालतं.

गोडोचं फिजिक्स सेकंदाला ६० ठोक्यांवर चालतं. पडदा १४४ वेळा ताजा होतो. काही फ्रेममध्ये पात्र हलतं, काहींत नाही. फिजिक्स इंटरपोलेशन चालू करा. ४ मालिकेत द्विमितीयसाठी ते ४.३ मध्ये आणि त्रिमितीयसाठी ४.४ मध्ये आलं. लिनक्सचा यात काडीचाही संबंध नाही, पण प्रश्न दर आठवड्याला येतो.

१५. पहिली दहा मिनिटं झकास, मग लॅपटॉप ढेपाळतो.

तापतोय. ‘सेन्सर्स’ चालवून तापमान बघा. एप्रिल-मेच्या नागपुरात गादीवर ठेवलेल्या लॅपटॉपकडून कुठल्याही डिस्ट्रोने अपेक्षा ठेवू नये. पण पॉवर प्रोफाइलही तपासा: ग्नोम आणि केडीईमध्ये वरच्या किंवा खालच्या पट्टीतच परफॉर्मन्स, बॅलन्स्ड, पॉवर सेव्हर असे पर्याय असतात. टीएलपी आणि पॉवर-प्रोफाइल्स-डीमन ही वीज सांभाळणारी दोन्ही साधनं एकत्र बसवलीत तर दोघं एकमेकांचं काम उलटवतात, एकच ठेवा. फेडोरा ४१ पासून ही जबाबदारी ट्यून्ड या साधनाकडे गेली आहे, त्यामुळे जुन्या लेखातल्या कमांड तिथे जशाच्या तशा लागू होत नाहीत.

गेम चालू असताना ‘गेममोडरन’ पुढे लावलं तर गव्हर्नर (प्रोसेसरची गती ठरवणारा) तेवढ्यापुरता वर जातो. चमत्काराची अपेक्षा नको.

१६. फ्लॅटपॅकमधलं गोडो हळू आहे का?

फ्लॅटपॅक म्हणून हळू नाही. पण त्याच्या पेटीत स्वतःचं मेसा असतं आणि एनव्हिडियासाठी यंत्रावरच्या ड्रायव्हरशी आकडा तंतोतंत जुळणारं वेगळं एक्स्टेन्शन लागतं. यंत्रावरचा ड्रायव्हर बदलला आणि ‘फ्लॅटपॅक अपडेट’ केलं नाही, तर गोडो मुकाट्याने सॉफ्टवेअर रेंडरिंगवर जातं.

याचीच उलटी बाजू जुन्या डेबियनवर उपयोगी पडते. तिथलं मेसा जुनं असलं तरी फ्लॅटपॅकमधलं नवं असतं. कर्नल कार्डाला ओळखत असेल तर एएमडी-इंटेलवाल्यांना हा सर्वांत कमी त्रासाचा मार्ग.

१७. प्रोजेक्ट विंडोजच्या पार्टिशनवर आहे. इम्पोर्ट संपतच नाही.

ते एनटीएफएस, म्हणजे विंडोजची फाइलसिस्टिम आहे. अनेक डिस्ट्रो ते ‘एनटीएफएस-३जी’मार्फत उघडतात, जे कर्नलबाहेर चालतं. गोडो इम्पोर्ट करताना शेकडो लहान फाइली लिहितं आणि हेच एनटीएफएस-३जीला सर्वांत जड जातं. प्रोजेक्ट घरच्या फोल्डरमध्ये, एक्स्ट४ किंवा बीटीआरएफएसवर आणा. दोन्ही ओएसवर काम करायचं असेल तर गिट वापरा.

१८. गेममध्ये मराठी मजकूर आला की अडखळतो. इंग्रजीला होत नाही.

हा माझा आवडता प्रश्न. गोडो ३ मध्ये जोडाक्षरंच नीट जुळत नसत. ४ मालिकेत हार्फबझ या अक्षरं जुळवणाऱ्या लायब्ररीवर उभा असलेला टेक्स्ट सर्व्हर आला आणि देवनागरी सरळ दिसू लागली. पण अक्षरजुळणीला वेळ लागतो, आणि ‘क्ष्म’, ‘र्त्य’ अशांना ‘ए’पेक्षा जास्तच.

दोन गोष्टी तपासा. एक, तुम्ही गुणसंख्येचं लेबल दर फ्रेमला नव्याने तर जुळवत नाही ना? आकडा बदलला तरच मजकूर बदला. दुसरी आणि अधिक छुपी: तुमच्या फॉन्टमध्ये देवनागरी नसेल तर गोडो यंत्रावरच्या फॉन्टांत शोधाशोध करतं. तुमच्या फेडोरावर नोटो सान्स देवनागरी असतो, खेळाडूच्या मोजकीच पॅकेजं असलेल्या आर्चवर काहीच नसतं. तिथे आधी गचका आणि मग अक्षरांऐवजी चौकोन. देवनागरी फॉन्ट प्रोजेक्टमध्येच ठेवा, इम्पोर्टमध्ये यंत्रणेच्या फॉन्टकडे जाण्याची परवानगी काढून टाका, आणि लागणारी अक्षरं प्रगत इम्पोर्ट खिडकीतून आधीच रेखून ठेवा.

१९. गोडो स्वतः सोर्समधून बांधलं, ते अधिकृतपेक्षा निम्म्या वेगाने चालतं.

‘डेव्ह_बिल्ड’ चालू ठेवून बांधलंत. त्यात ऑप्टिमायझेशन नसतं. ‘प्रॉडक्शन=येस’ने बांधा. लिनक्सच्या अधिकृत बांधणीत जीसीसी आणि लिंकिंगच्या वेळचं ऑप्टिमायझेशन असतं, त्याला वेळ आणि रॅम भरपूर लागतात. डिस्ट्रोच्या रेपोतलं गोडोही वेगळ्या पद्धतीने बांधलेलं असू शकतं. तुलना करायची तर अधिकृत झिप उतरवून करा.

२०. व्हर्च्युअलबॉक्समध्ये डिस्ट्रो तपासतोय. सगळ्याच स्लो आहेत.

त्यातून काहीही सिद्ध होत नाही. व्हर्च्युअलबॉक्समधल्या लिनक्सला व्हल्कन कार्ड मिळत नाही, व्हल्कनचं सगळं काम प्रोसेसरवर पडतं. पेनड्राइव्हवरून लाइव्ह चालवून बघा. गेम उघडतो की नाही एवढंच पाहायचं असेल तर कंपॅटिबिलिटी रेंडररने व्हर्च्युअल मशीन पुरे.

२१. सगळं तपासलं. दुसऱ्या युझरने लॉगिन केलं तर वेगवान, माझ्यातच हळू.

मग दोष तुमच्या घरच्या फोल्डरमध्ये आहे. बॅशच्या किंवा प्रोफाइलच्या फाइलीत ‘लिबजीएल_ऑलवेज_सॉफ्टवेअर’ किंवा ‘व्हीके_आयसीडी_फाइलनेम्स’ असं काही शिल्लक आहे का बघा. माझ्याकडे पहिलं होतं. एक बग शोधताना दोन वर्षांपूर्वी लिहिलेलं, आणि घरचा फोल्डर जपत दोन डिस्ट्रो बदलल्या तरी बरोबर आलेलं. तिसरी उतरवत असताना सहज फाइल उघडली तेव्हा सापडलं.

आर्चवर एएमडीवाल्यांनी आणखी एक बघावं: जुन्या सल्ल्यानुसार एएमडीव्हीएलके (एएमडीचा स्वतःचा व्हल्कन ड्रायव्हर) बसवलेलं असेल तर ते मेसातल्या रॅडव्हीच्या आधी पुढे सरकतं. २०२५ मध्ये एएमडीने तो प्रकल्प थांबवून रॅडव्हीलाच पाठिंबा दिला आहे. काढून टाका.

२२. त्याच लॅपटॉपवर विंडोजमध्ये जास्त फ्रेम मिळतात. मग लिनक्स कमीच ना?

कधीकधी, हो. पण तुलना सारखी करा: तोच रेंडरर, तीच आवृत्ती, चार्जर लावलेला, तेच पॉवर प्रोफाइल. विंडोजवर गोडो डायरेक्ट३डी १२ वर चालत असेल आणि इथे ओपनजीएलवर, तर ती डिस्ट्रोची तुलना नाही. इंटिग्रेटेड ग्राफिक्स रॅमच वाटून घेतं. एकच ८ जीबीची पट्टी असलेल्या लॅपटॉपला दुसरी लावली तर दोन्ही ओएसवर फ्रेम वाढतात.

२३. इथे उत्तर सापडलं नाही. प्रश्न पाठवताना काय लिहू?

प्रश्न १ मधली ती ओळ जशीच्या तशी. डिस्ट्रो आणि तिची आवृत्ती, कर्नलसाठी ‘युनेम’चं उत्तर, व्हल्कनइन्फोची समरी, वेलँड की एक्स११, गोडो कुठून घेतलं, आणि स्केलिंग ०.५ केल्यावर फ्रेम किती झाल्या. पडद्याचा मोबाइलने काढलेला तिरपा फोटो नको, मजकूर कॉपी करून पाठवा.